यादी कोणी करायची? पुण्याहून गोरख्याला गेलेल्या मदतीचं एक प्रकरण

आधीच सांगते, यात माणसांची, गावाची, आमच्या ट्रस्टची नावं मुद्दाम टाकलेली नाहीत. गावातले आकडे आमच्या वहीतले आहेत. हिशेब मी बघायचे त्यामुळे ती वही अजून माझ्याच कपाटात आहे. हे लिहायचं कारण असं की आजही कुठे पूर आला, भूकंप झाला की ओळखीतलं कोणीतरी फोन करतं, "तुम्ही नेपाळला गेला होतात ना, ट्रक कसा पाठवला?" ट्रकचं सांगते मी, पण आमचं गाडं अडलं होतं ते ट्रकपाशी नाहीच.

पार्श्वभूमी

कर्वे रोडच्या मागच्या एका गल्लीत मेस आहे, तिथला मुख्य स्वयंपाकी नेपाळच्या गोरखा जिल्ह्यातला. पुण्यात १४ वर्षं झालेली, मराठी आपल्यासारखंच बोलतो, फक्त चिडला की नेपाळीत जातो. सगळे त्याला दाजू म्हणतात, म्हणजे मोठा भाऊ. २५ एप्रिल २०१५ ला शनिवारी दुपारी पोरं जेवायला बसलेली आणि हा एका हातात उलथनं आणि दुसऱ्या हातात फोन घेऊन मोरीपाशी उभा, फोन काही लागेना. नेपाळच्या घड्याळात ११ वाजून ५६ मिनिटांनी ७.८ चा धक्का बसला होता आणि केंद्र होतं बारपाक, याच्याच जिल्ह्यात. सोमवारी रात्री फोन लागला. "ताई, माणसं राहिली, घरं सगळी बसली." शनिवार म्हणजे तिथे सुट्टीचा दिवस, शाळा बंद आणि मोठी माणसं शेतात, म्हणून माणसं वाचली. देशभरात जवळपास ९ हजार माणसं गेली आणि ५ लाखांच्या आसपास घरं पूर्ण पडली.

आमचा ट्रस्ट छोटा, कोथरूडमधला, एरवी शाळांना वह्या आणि वर्षातून दोन आरोग्य शिबिरं. सेक्रेटरी काका ९३ साली किल्लारीला गेलेले, त्यांनी फोटो बघितल्या बघितल्या सांगितलं की ही तीच दगडमातीची घरं, भिंत आत कोसळते आणि वरचं सगळं ओझं माणसावर येतं.

आता नेपाळची त्यावेळची अवस्था थोडी सांगावी लागेल कारण पुढचं सगळं त्यावरच अडलं. माओवादी युद्ध २००६ ला संपलं, २००८ ला राजेशाही गेली, संविधान सभा निवडली, तिला संविधान जमलं नाही म्हणून ती २०१२ ला बरखास्त, मग २०१३ च्या शेवटी दुसरी सभा. भूकंप झाला तेव्हाही संविधान नव्हतंच. हे पेपरात वाचून आम्हाला माहीत होतं. एक गोष्ट मात्र आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हती, की स्थानिक निवडणूक शेवटची १९९७ ला झालेली आणि २००२ ला मुदत संपल्यावर गावांत निवडून आलेलं कोणी नव्हतंच! १३ वर्षं सरपंच नाही, सदस्य नाहीत. कारभार बघायचा गाविसचा म्हणजे गाउँ विकास समितीचा सचिव, तो सरकारी नोकर, आमच्या दाजूच्या गावच्या सचिवाकडे दोन गावं आणि तो राहायचा गोरखा बाजारात. गावात खरं चालायचं ते तीन मोठ्या पक्षांच्या स्थानिक माणसांचं, नेपाळी काँग्रेस, एमाले म्हणजे तिथले कम्युनिस्ट, आणि माओवादी, तिघे बसून ठरवायचे.

अडचण काय होती

आम्हाला वाटलेली अडचण: सामान पोचवायचं कसं. पावसाळा जूनच्या मध्यावर येणार, त्याआधी डोक्यावर काहीतरी छप्पर हवं. काठमांडूच्या विमानतळाला एकच धावपट्टी, तीही खराब व्हायला लागली म्हणून मोठी विमानं बंद केलेली, मोठमोठ्या संस्थांचं सामान तिथे अडकलेलं.

खरी अडचण: दाजूच्या दोन वॉर्डांत मिळून २१४ घरं आणि आमच्या पैशात पत्रा येणार ११० घरांचा. कोणाला द्यायचा? हा प्रश्न पुण्यात एकाही मीटिंगमध्ये आला नाही. वही उघडून बघितली आत्ता, मीटिंगची आठ पानं आहेत आणि त्यातली पाच ट्रकच्या भाड्यावर.

कोणते पर्याय होते

पहिला, पैसे सरळ तिथल्या पंतप्रधानांच्या मदतनिधीत टाकायचे. नेपाळ सरकार तेव्हा म्हणतच होतं की मदत एकाच दारातून येऊ द्या. तत्त्व म्हणून ते बरोबरच आहे, पंचवीस संस्था पंचवीस दिशांना धावल्या की रस्त्यालगतच्या गावाला पाच वेळा तांदूळ आणि डोंगरावरच्याला शून्य. पण दाजू म्हणाला, "काठमांडूला गेलेला पैसा माझ्या गावात चालत यायला दोन वर्षं लागतील." आम्ही ते ऐकलं. फार चुकला नाही तो, पुढे येतंच.

दुसरा, भारतातल्या एखाद्या मोठ्या संस्थेला देऊन मोकळं व्हायचं. इथे आमचा अहंकार आडवा आला असं मला प्रामाणिकपणे वाटतं. लोकांनी पैसे "दाजूच्या गावासाठी" दिले होते, फोटो हवे होते.

तिसरा, आपणच जायचं. यात आमच्या सीएताईंनी ब्रेक मारला. ट्रस्टचा पैसा देशाबाहेर खर्च केला तर तो करमाफीत धरत नाहीत, त्यासाठी सीबीडीटीची, म्हणजे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची, वेगळी मंजुरी लागते आणि ती काही आठवड्यात मिळत नसते. म्हणजे ट्रस्टच्या पावतीवर पैसे घेतले की अडकलो. मग ठरलं की ट्रस्टने बाजूला राहायचं, पावती नाही, देणगीवरची ८०जी करसवलत नाही, ज्याला द्यायचंय त्याने स्वतःचे म्हणून द्यायचे. निम्मे देणारे तिथेच गळले. तरी ६ लाख ८० हजार जमले.

चौथा पर्याय होता तो आम्ही नीट बघितलाच नाही. स्टेट बँकेची भारत-नेपाळ पैसे पाठवायची सोय आहे, तेव्हा एका वेळी ५० हजारांपर्यंत जायचे, पुण्यातले सगळे वॉचमन, कुक तीच वापरतात. त्यातून थेट घरोघरी पैसे पाठवता आले असते. "पैसे दिले तर दारूत जातील" असं मीटिंगमध्ये एकजण बोलला आणि बाकीचे गप्प बसले, मीसुद्धा. दाजू चहा घेऊन आत आला होता त्याच वेळी. त्याने कप ठेवले आणि गेला.

काय केलं

कपड्यांना काकांनी पहिल्याच दिवशी नाही म्हटलं. किल्लारीच्या रस्त्याकडेला पडलेले साड्यांचे ढीग त्यांनी बघितले होते. तरी सोसायटीच्या पार्किंगमध्ये चाळीस पोती येऊन पडली, एका पोत्यात शेरवानी आणि हिलच्या चपला निघाल्या, एकच पाय! ती पोती वाटेला लावण्यात दोन दिवस गेले.

बोहरी आळीतून ४०० ताडपत्र्या आणि नायलॉनची दोरी घेतली, सोबत १५० सोलर कंदील. पत्रा मात्र इथून न्यायचा नाही हे ट्रेकिंग ग्रुपच्या एका पोराने ठरवलं आणि तो आमचा सगळ्यात शहाणा निर्णय निघाला. तिथे त्याला जस्तापाता म्हणतात, एक बंडल म्हणजे ७२ फूट, सीमेलगतच्या तराईत बुटवलकडे मिळतो, मग पुण्याहून दीड हजारावर किलोमीटर लोखंड कशाला वाहायचं. त्याचे पैसे दाजू आणि त्याच्या तीन गाववाल्यांच्या नावाने स्टेट बँकेतून पाठवले, म्हणजे चौथा पर्याय मागच्या दाराने वापरलाच. जुगाड होता, आज असं करायची माझी हिंमत होणार नाही.

६ मेला ट्रक सुटला. आम्ही चौघं, दाजू, ट्रेकिंगची दोन पोरं आणि मी, गोरखपूरमार्गे सुनौलीला. भंसारवर, म्हणजे तिथल्या कस्टम नाक्यावर, ताडपत्रीला जकात माफ होती पण कंदिलांचं काय ते कोणालाच सांगता येईना. एक साहेब म्हणे जिल्ह्याची चिठ्ठी आणा, म्हणजे जिल्ला दैवी प्रकोप उद्धार समितीची, सीडीओ म्हणजे जिल्ह्याचा प्रमुख अधिकारी तिचा अध्यक्ष. नावातच दैवी प्रकोप, कायदा १९८२ चा, राजाच्या काळातला. कंदील तिथेच एका धर्मशाळेत ठेवले आणि पुढे निघालो. सामान नेपाळी ट्रकमध्ये चढवलं. बुटवल, नारायणघाट, मुग्लिंग असा रस्ता. तिथे १०० भारू (भारतीय रुपये) म्हणजे १६० नेरू (नेपाळी रुपये) हा हिशेब दुसऱ्या दिवशी तोंडपाठ झाला.

मुग्लिंगच्या पुढे एका वळणावर बायकांनी रस्त्यावर दगड लावून ट्रक थांबवला. त्यांचीही घरं पडलेली, दिसतच होती. एक म्हातारी काही न बोलता ताडपत्रीच्या गठ्ठ्याला नुसती हात लावून उभी. आम्ही २० काढून दिल्या. पाच मिनिटांत शंभर माणसं जमली, ओढाओढ झाली, ड्रायव्हरने दगड हटवून गाडी काढली तेव्हा कोणीतरी मागच्या फळीला लोंबकळत होतं. २० दिल्या हे चूक की बरोबर, आमच्या चौघांचं यावर अजून एकमत नाही. माझं मत, तिथल्याच कोणाला तरी विचारून, ठरवून ५० दिल्या असत्या तर ते मदत झालं असतं. जे केलं ते सुटका करून घेणं होतं.

यादीचा घोळ

गावात पोचलो तर यादी तयार! ११० नावं, सुवाच्य अक्षरात, खाली तिन्ही पक्षांच्या माणसांच्या सह्या आणि सचिवाचा शिक्का. आम्ही खूष. तीन एकमेकांचे विरोधक, त्यातले दोन तर युद्धात समोरासमोर होते, ते एका कागदावर सही करतात म्हणजे यादी स्वच्छच असणार, असा आमचा साधा हिशेब. नेपाळीत या प्रकाराला भागबन्डा म्हणतात हा शब्द मला नंतर कळला, म्हणजे आपापसात वाटे घालून घेणं. एकमत होतं ते वाट्यांवर.

दाजू रात्री उशिरा यादी घेऊन आला, टॉर्चच्या उजेडात बोट फिरवत म्हणाला, "ताई, खालचा टोल नाही यात." खालचा टोल म्हणजे दलित वस्ती, कामी आणि सार्की लोकांची ३१ घरं, उताराच्या अगदी तळाला. आपल्याकडे कशी वस्ती गावापासून फटकून असते तसंच. ३१ पैकी यादीत चार. आणि दाजू स्वतः वरच्या टोलातला, त्याच्या सख्ख्या काकाचं नाव यादीत होतं, घर अर्धं उभं असताना. हे त्यानेच दाखवलं, त्याला त्याची किंमत नंतर मोजावी लागली.

आता काय करायचं यावर आम्ही पहाटे तीनपर्यंत बसलो. यादी आहे तशी मान्य करायची, तर सामान एका दिवसात वाटून होतं. सगळ्यांना अर्धं अर्धं बंडल द्यायचं, तर ३६ फुटात एकाचंही छप्पर होत नाही, पण भांडण नाही. आपली नवी यादी करायची, तर आम्ही कोण? पुण्याहून आलेले, चार दिवसांनी जाणारे. शेवटी ठरलं की सकाळी शाळेच्या मैदानात यादी मोठ्याने वाचायची, बस.

१२ मे. जिल्ह्यातले निम्मे गावकरी तरी आलेत असं वाटावं इतकी गर्दी. दाजू नावं वाचत होता, साठेक झाली असतील, तेव्हा मागून एक बाई उठली, पाठीवर मूल बांधलेलं. "हाम्रो टोलको नाम खै?" आमच्या टोलाचं नाव कुठाय? पक्षाचा एकजण म्हणाला दुसऱ्या खेपेत येईल. ती म्हणाली दुसरी खेप कोण आणणार, हे लोक तर उद्या चालले. कोणी काही बोलायच्या आत, पाऊण वाजून गेला असेल, जमीन हलली. ७.३ चा तो दुसरा मोठा धक्का. आम्ही सगळे मैदानात उघड्यावर होतो म्हणून कोणाला काही झालं नाही, पण शाळेची उरलेली भिंत आमच्यासमोर खाली बसली, धूळ उठली आणि त्या धुळीत यादीचा कागद कुठे गेला ते कोणालाच आठवत नाही.

अर्धी उभी घरं पडली, म्हणजे यादी तशीही शिळी झाली. त्याचा फायदा घेऊन शाळेच्या सरांनी मार्ग काढला: प्रत्येक टोलातून दोन माणसं, त्यातली एक बाई, घरोघर जायचं आणि जिथलं घर पूर्ण पडलंय तिथे खडूने दारावर किंवा दार नसेल तर दगडावर खूण करायची, सगळ्यांच्या देखत. दोन दिवस लागले. पूर्ण पडलेल्यांत विधवा, म्हातारे, बाळंतिणी आधी. ११० बंडलांपैकी २६ खालच्या टोलात गेली, बाकी सगळ्यांना ताडपत्री.

पक्षाची माणसं उघड काही बोलली नाहीत. फक्त ठरलेले वीस हमाल दुसऱ्या दिवशी आले नाहीत, खालच्या टोलातल्या बायकांनी पत्रे स्वतः वाहिले, नामल्याच्या, म्हणजे ओझं पाठीवर वाहायच्या, पट्ट्या कपाळावर लावून.

पुढे काय झालं

आम्ही परतलो, पुण्यात सत्कार झाला, शाल वगैरे. जुलैत दाजूला घरून कळलं की खालच्या टोलाच्या बायकांना वरच्या नळावर पाणी भरू देत नाहीयेत, "पुणेवाल्यांकडून घ्या" म्हणतात. दाजूच्या त्या सख्ख्या काकाने त्याच्याशी बोलणं टाकलं, ते दोन वर्षं. निर्णय आमचा होता आणि त्याचा ताप मागे राहिलेल्यांना, हे आम्ही मैदानात उभे असताना मनातही आणलं नव्हतं.

दुसरा टप्पा शाळेचा होता, पक्की इमारत बांधून द्यायची घोषणा आम्ही तिथे उत्साहात करून आलो होतो. २० सप्टेंबरला संविधान आलं. गंमत बघा, तेही चार मोठ्या पक्षांनी जूनमध्ये बसून जमवलेल्या १६ कलमी सहमतीवर, आणि तराईतले मधेशी, थारू म्हणाले यात आमचं नाव कुठाय. मला त्या बाईचा आवाजच ऐकू आला. लगेच सीमा बंद. दिल्ली म्हणायची आम्ही अडवलेलं नाही, आंदोलक बसलेत, काठमांडू म्हणायचं भारतानेच नाकाबंदी केली. फेब्रुवारीपर्यंत डिझेल नाही, गॅस नाही, सिमेंट डोंगरावर चढेना. गावातल्या लोकांनी आम्हा भारतीयांना फोनवर काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही, पण रास्त होतं.

२५ जूनच्या परिषदेत जगाने नेपाळला ४.४ अब्ज डॉलर देऊ म्हणून सांगितलं होतं, पण ते खर्च करणारं पुनर्निर्माण प्राधिकरण उभं राहायला डिसेंबर उजाडला, पक्षांचं प्रमुख कोण यावरच जमेना. घराच्या अनुदानाचा पहिला हप्ता लोकांना मिळायला लागला तो २०१६ च्या मार्चमध्ये. त्यालाही लालपुर्जा म्हणजे जमिनीचा कागद हवा, खालच्या टोलात निम्म्यांकडे तो नाही. शाळेच्या इमारतीला आता सरकारी नकाशाच लागणार होता. आम्ही बांबू आणि पत्र्याचे चार वर्ग बांधून दिले आणि घोषणा गिळली. उरलेले ९० हजार देणाऱ्यांना फोन करून, विचारून मगच त्या वर्गांच्या बाकांवर खर्च केले. कंदील धर्मशाळेतून ऑक्टोबरमध्ये सुटले, त्यातले ३८ बंद.

परत करायचं असेल तर

पत्रा तिथेच घेणं, कपडे नाकारणं, यादी जाहीर वाचणं हे मी तसंच ठेवीन. शाळेचा शब्द देणार नाही. पैसे थेट घरोघरी पाठवायचा पर्याय पहिल्या मीटिंगला टेबलावर ठेवीन आणि दाजूला चहा आणायला न लावता खुर्चीवर बसवीन. आणि निघायच्या आधी विचारीन की त्या गावात निवडून आलेलं कोण आहे, शेवटचं मतदान कधी झालं. कोणीच नसेल तर जादा दोन आठवडे आणि वेगळं बजेट, फक्त यादीसाठी. नळाचं जे झालं त्यावर मात्र मला अजून उत्तर सापडलेलं नाही. सेक्रेटरी काका म्हणतात चार तोट्या खालच्या टोलात आधी बसवायच्या आणि मग पत्रे वाटायचे. चारही तोट्यांना पाणी वरूनच येतं, हे दाजूने त्यांना सांगितलं.

२०१७ च्या मे महिन्यात नेपाळात वीस वर्षांनी स्थानिक निवडणूक झाली. दाजू मत द्यायला गेला, मेसमध्ये आठवडाभर आम्ही खिचडी खाल्ली. नव्या कायद्याने प्रत्येक वॉर्डात पाच जण, त्यात दोन बायका आणि त्यातली एक दलित हवीच. परत आला तेव्हा मी विचारलं कोण आलं निवडून. त्याने मोबाईलवर फोटो दाखवला, गळ्यात झेंडूचा हार, कपाळभर अबीर, आणि पाठीवरचं ते मूल आता बोट धरून उभं. कुठल्या पक्षाकडून, तर त्या यादीवर सही करणाऱ्या तिघांपैकीच एकाच्या. दाजूला यात काही नवल वाटलं नाही. "तिकीट तेच देतात ना ताई," म्हणाला आणि कणीक मळायला गेला.